मिशावाल्या डांगराची फेरी

याकोबने डावा डोळा उघडला. उजवा मिटलेलाच ठेवला, म्हणजे निदान अर्धी प्रार्थना तरी लागू व्हावी!

त्यात त्याचा काही दोष नव्हता. पाळकसाहेब धर्मराज यांची प्रार्थना हैदराबादेत निजामसरकारपासून सुरू व्हायची आणि गावोगाव थांबत हसनाबादेजवळच्या या इवल्याशा शालेमवाडीत पोचायची. तोवर पोरांच्या पायांना मुंग्या आलेल्या असायच्या. नाताळाआधीचा प्रार्थना-सप्ताह आज, सोमवारीच सुरू झाला होता. म्हणजे अशा आणखी चार सकाळी बाकी होत्या!

ख्रिस्ती मंडळीच्या त्या छोट्या देवळात सगळ्यांचे डोळे मिटलेले, माना खाली. आणि रामरावकाका चोरपावलांनी दाराबाहेर निघालेले! मंडळीचे पंच रामराव, ज्यांच्या झुबकेदार मिशा साऱ्या तालुक्यात नावाजलेल्या! घोंगडीखाली त्यांनी काहीतरी गोल, जड धरलं होतं. थोड्या वेळाने ते परत आले, जागेवर बसले, डोळे मिटले आणि सगळ्यांत मोठ्याने म्हणाले, "आमेन!"

बाहेर येताच याकोबने ताईला गाठलं. मार्था बारा वर्षांची, जालन्याच्या मिशन बोर्डिंगातून सुट्टीला आलेली आणि म्हणून फार शहाणी.

"प्रार्थनेत डोळे उघडे?" ती कडाडली.

"एकच होता!"

"लाज न्हाई वाटत?" मार्थाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मंग? काय दिसलं?"

पुढचं निजामोद्दीनने सांगितलं. गाडीवान बदरोद्दीनचा हा मुलगा रोज बैल चारायला यायचा आणि देवळासमोरच्या लिंबावर बसून यांची वाट बघायचा.

"डांगर होतं!" तो म्हणाला. "रामरावकाकांनी झुंबरआजीच्या दारात ठिवलं अन् असे पळाले, की मागं कुत्रं लागलंय जणू!"

"चोरीचं असंल का?" याकोबचे डोळे चमकले.

"ते माहीत न्हाई. पण वळखू यावं म्हणून म्या बाभळीच्या काट्यानं त्याला मिशा काढल्या. बिलकुल रामरावकाकांवानी!"

मार्था हसत सुटली. "येड्या, चोरी कसली! कालचं प्रवचन आठव. पाळकसाहेब म्हणले, दान असं द्या की शेजाऱ्यालाही पत्ता लागू नये. काका गुपचूप दान करून राह्यलेत!"

त्या वर्षी डांगरं, म्हणजे लाल भोपळे, उदंड झाली होती. वाडीत क्वचितच असं एखादं छप्पर होतं, ज्यावर लाल डांगरं बसलेली नव्हती. भाजी डांगराची, भरीत डांगराचं. याकोबला तर स्वप्नातही डांगरच दिसायचं. म्हणजे रामरावकाकांचं दान फारसं दुखण्यासारखं नव्हतं!

मंगळवारी प्रार्थना सुरू झाली आणि मार्थाने भावाला कोपराने ढोसलं. "बघ!"

"म्हणजे डोळे उघडू?"

"हळू बोल! हो!"

आज बाहेर निघाली होती ती स्वतः झुंबरआजी! साठीची, वाळकी, ठिगळाच्या लुगड्यातली. आणि प्रार्थना संपल्यावर तेच मिशावालं डांगर घंटा वाजवणाऱ्या कडूबाच्या दारात दिमाखात बसलेलं होतं.

"दान आलेलं दान करून टाकलं?" निजामोद्दीनने डोकं खाजवलं. "ही तर अजबच गोष्ट!"

तिघेही आजीच्या घराकडे पळाले आणि दारातच थबकले. परसाकडचं अर्धं छप्पर मागच्या वादळात उडालं होतं आणि घरात वरून सरळ आभाळ दिसत होतं. चूल थंडगार. कोपऱ्यात एक गाठोडं बांधून ठेवलेलं.

"सलाम, आजी. कुठं चालली तू?" मार्थाने विचारलं.

"सलाम, पोरी. शुक्रवारी बदरोद्दीनच्या गाडीनं जालन्याला. मिशनच्या आश्रमात म्हाताऱ्या बायांना ठिवून घेत्यात म्हणे."

"अन् परत?"

"परत कशाला यायचं? छप्पर गेलं, ज्वारी सरली, थंडी हाडात शिरली."

"मंग मंडळीत सांग ना!"

"हात पसरू? जलमभर न्हाई पसरला." आजी हसली, पण हसू काही नीट जमलं नाही.

"डांगर तरी ठिवायचं!" याकोब म्हणाला.

"मी एकटी किती खाणार? कडूबाच्या घरी सहा तोंडं हायेत. त्याच्या लेकरांना होईल."

मार्थाला रडूच आलं. याच ओट्यावर बसून, राखेत बोट फिरवत ती आजीकडून पहिली अक्षरं शिकली होती. ही आजी गेली तर वाडीत काय उरलं?

घरी येताच ती आईच्या मागे लागली. "आई, झुंबरआजीकडं खायला न्हाई!"

"काहीतरीच!" सगुणाबाई भाकरी थापत म्हणाल्या. "तिला कशाची कमी? सगळे गुपचूप देऊन राह्यलेत!"

"कोण सगळे?"

"ते कसं कळणार? गुपचूप म्हणल्यावर!"

"अन् तू काय दिलं?"

सगुणाबाईंची भाकरी एकदम करपली!

बुधवारी कडूबा प्रार्थनेतून पसार झाला आणि डांगर मार्थाच्याच दारात आलं! "कोणीतरी भला माणूस!" सगुणाबाई म्हणाल्या, स्वतःच्या छपरावरच्या नऊ डांगरांकडे पाहिलं आणि सुस्कारा सोडला. मिशा त्यांच्या ध्यानातही आल्या नाहीत. गुरुवारी रामराव प्रार्थना करत असताना त्याही पदराखाली डांगर घेऊन निघाल्या! बहीणभावांनी चार उघड्या डोळ्यांनी आपल्या आईला जाताना पाहिलं. डांगर पाळकसाहेबांच्या ओट्यावर गेलं.

"चार दिवस, चार घरं अन् डांगर एकच!" लिंबाखाली मार्था रागाने लाल झाली होती. "जो तो म्हणतो, आजीला दुसरा कोणी देतो. कोणी तिच्या घरात डोकावलंसुद्धा न्हाई! उद्या गाडी निघायच्या आत सगळ्यांना दाखवायचं."

"सांगून टाकू," याकोब म्हणाला.

"सांगितलं तर आधी आपल्यालाच बोलणं खावं लागंल, डोळे का उघडले म्हणून! दाखवायचंच. निजाम, गाडी थांबवता येईल?"

निजामोद्दीनने थोडा विचार केला. "थांबवता न्हाई येणार. अब्बा मारतील. पण चाकाची खीळ हरवू तर शकते ना?"

शुक्रवार उजाडला. पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि प्रार्थना हैदराबादेहून निघाली. ती औरंगाबादेला पोचली तेव्हा मार्था बाहेर सटकली. राजूरपर्यंत आली तेव्हा मार्था परत आली होती, छातीशी डांगर धरून, धापा टाकत! तिने ते पवित्र शास्त्राशेजारी मेजावर ठेवलं, मिशा बरोबर मंडळीकडे करून.

"आमेन!"

सगळ्यांनी डोळे उघडले. समोरून मिशावालं डांगर त्यांच्याकडे बघत होतं!

"अरे! हे तर मी झुंबरबाईला दिल्तं!" रामराव ओरडले.

"छ्या! हे माझ्या दारात आल्तं!" कडूबा उठला.

"मंग तू त्याचं काय केलं?"

कडूबाने सगुणाबाईंकडे पाहिलं. सगुणाबाईंनी पाळकसाहेबांकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पाळकसाहेब खाकरले. "मी... मी ते आज झुंबरबाईच्याच दारात ठेवणार होतो."

"ते सगळं ऱ्हाऊ द्या!" रामराव गरजले. "त्याला माझ्या मिशा कोणी काढल्या?"

देऊळभर हशा पिकला. पाळकसाहेबांनी हात वर केला. "पण हे इथं कोणी आणलं? अन् कोण कुठं गेलं, हे कळलं कसं?"

याकोब उभा राहिला. "मी डोळे उघडे ठेवले होते, साहेब. सोमवारी एकच. मंगळवारपासून दोन्ही."

"अन् आणलं मी," मार्था म्हणाली. रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिचा आवाज चिरकलाच. "चार घरांना वाटलं, आपण दान केलं. खरं दान एकट्या झुंबरआजीनं केलं, कारण तिच्या घरात या डांगराशिवाय काहीच न्हवतं! छप्पर न्हाई, ज्वारी न्हाई. अन् आज ती गाव सोडून चालली!"

कोणी हसलं नाही आता. बाहेरून बदरोद्दीनचा आवाज आला, "अरे खीळ कुठं गेली? बिनखिळीच्या चाकानं जालना गाठू का मी?"

सगळी मंडळी उठून बाहेर धावली. गाडीत गाठोड्याला टेकून झुंबरआजी बसली होती. रामराव तिच्यापुढे उभे राहिले.

"झुंबरबाई, चुकलं माझं," ते म्हणाले. "तुमच्या दारापस्तोर आलो, पण आत न्हाई बघितलं."

"मीही बोलले न्हाई कधी," आजी हळूच म्हणाली. "ताठा माझाबी थोडा होताच."

दुपारपर्यंत रामराव छपरावर होते, कडूबा खालून तुराट्या देत होता आणि बदरोद्दीन, गाडी नाहीच निघत म्हणून, सुंभाच्या गाठी मारत होता. ज्वारी आली, तेल आलं, दोन गोधड्या आल्या, गूळ आला. सगळं उजेडात, सगळ्यांदेखत! डांगर मात्र एकाचंही आलं नाही. त्या एकाच मिशावाल्या डांगराच्या आजीने घाऱ्या तळल्या.

घाऱ्या खाण्याआधी पाळकसाहेब म्हणाले, "डोळे कोणी मिटू नका. एकमेकांकडे बघा. प्रभू, आम्हाला शेजारी दिलास आणि बघायला डोळे दिलेस, तुझे आभार. आमेन."

इतकी छोटी प्रार्थना वाडीने कधी ऐकली नव्हती!

मग त्यांनी मार्थाच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, चार आठवड्यांत मला जे शिकवता आलं नसतं, ते तू एका डांगरानं शिकवलं. अन् याकोबा, रविवारपासून प्रार्थनेत तुझे डोळे उघडेच ठेव. मंडळीत कोण आलं न्हाई ते मला सांगायचं. दोन्ही डोळे, हं!"

निजामोद्दीनने गुपचूप खिशातून खीळ काढली आणि आजीच्या हातात दिली. "आजी, ही सापडली."

आजीने ती उलटीपालटी करून पाहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठांवर हसू होतं. तिने खीळ पदराच्या टोकाला घट्ट बांधली.

"ही आता माझ्यापाशीच राहील."

"अन् मंग मी काय गाडी डोक्यावर घेऊन जाऊ?" बदरोद्दीन ओरडला.

"तू आधी घारी खा," आजी म्हणाली.