चार वेळा बाहेर येणारा माणूस

एर्लंड पहिल्यांदा माझ्यासमोर आला, तेव्हा मी त्याच्या तळहातावरून यंत्र फिरवत होते आणि तो माझ्याकडे बघत होता. बाकीचे यंत्राकडे बघतात.

स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, आमच्या गावाशेजारी जुनी अणुभट्टी पाडायचं काम चालू आहे. जागा साफ झाली की तिथे बोटी बांधायचा कारखाना येणार. आत पाइप कापणारा प्रत्येक जण बाहेर पडताना माझ्या दारात थांबतो. हाताला, बुटाला किरणोत्सारी धूळ लागलेली नाही ना, ते मी तपासते.

लोक दिवसातून दोनदा बाहेर पडायचे. एर्लंड चारदा. दर वेळी कपडे बदला, रांगेत उभे राहा... हौसेनं कोण करेल?

"पुन्हा?"

"चहा प्यायला."

"बाहेर आडवा पाऊस झोडपतोय."

"मग तर चहा हवाच. मॉर्वेन, तुझी बोटं गार पडलीत."

"यंत्र गार आहे."

"यंत्र लाजत नाही," तो म्हणाला.

त्याच महिन्यात गोदामातून तांब्याच्या तारेची वेटोळी नाहीशी व्हायला लागली. त्याचं हसणं मला खुपायला लागलं. माझं लक्ष खिशाकडे जाऊ नये, म्हणून तर हा गोड बोलत नसेल? दोन रात्री झोप नाही. शेवटी मी साहेबांकडे जाऊन त्याचं नाव सांगितलं.

त्यांनी सगळ्यांदेखत त्याचं कपाट उघडायला लावलं. टॉवेल, मोजे, बिस्किटांचा पुडा. बस.

आठवड्यानं एक लॉरीवाला तारेसकट पकडला गेला. एर्लंड तोवर पलीकडच्या दारानं ये-जा करू लागला होता.

मी त्याला बसथांब्यावर गाठलं. तो बाकावर बसला होता.

"तुझं नाव मीच दिलं होतं."

"माहीत आहे."

"माझं चुकलं, एर्लंड. पण चारदा का यायचास... ते तरी सांग."

"आता काय उपयोग? तुला मी चोर वाटलो."

"चोर मानणं सोपं होतं," मी म्हणाले. "माझ्यासाठी कुणी चारदा कपडे बदलेल – ते खरं मानायची भीती वाटली. खरं असावं, असं फार वाटत होतं ना... म्हणून."

तो समुद्राकडून माझ्याकडे वळला.

"पाचदाही आलो असतो," तो म्हणाला. "मुकादम ओरडला."

बस आली. दार उघडलं. तो जागचा हलला नाही.

"पुढची दीड तासानं आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे," एर्लंड म्हणाला आणि बाकावर माझ्यासाठी सरकून बसला.