समोरच्या खुर्चीतला नागोबा

"मी फक्त समोर बसलो… तर चालेल?"

तिनं मान वर केली. चुरगळलेला सदरा, नाकावर घसरलेला चष्मा आणि चेहऱ्यावर असा साळसूदपणा, की नाही म्हणायची सोयच नव्हती. त्यालाही तीच पोथी हवी होती, आणि वाचनकक्षात पोथी एका वेळी एकालाच मिळायची. "बसा," ती म्हणाली. समोरून उलटी पोथी… बघून बघून काय बघेल!

इथंच ती फसली.

पोथी होती सिरियाक भाषेतली, जुन्या धर्मकवितांची. त्यातलं एक भांडणगीत तिच्या प्रबंधाचा विषय होतं. एक कडवं शरीराचं, एक जिवाचं, आणि दोघं एकमेकांना यथेच्छ बोल लावतात. शाई इतकी फिकटलेली, की फोटोत काही उमटत नसे. त्यात शनिवारी पोथी डागडुजीला जाणार होती, आणि परत कधी येईल हे कक्षाच्या बाईंनाही सांगता येत नव्हतं. त्याआधी गीताचा शेवट हाती लागला नाही, तर प्रबंध लटकलाच म्हणायचा.

पहिल्याच दुपारी समोरून हळूच आवाज आला, "हं…"

"काय हं?"

"काही नाही. पान उलटलंत… तरी चालेल."

"माझं अजून अर्धं पान व्हायचंय!"

"सावकाश होऊ द्या," तो उदारपणे म्हणाला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस उलटं वाचत होता, आणि तिच्यापेक्षा भरभर!

"आमच्या गुरुजींकडे एकच पोथी होती," त्यानं खुलासा केला. "आम्ही सगळे तिच्याभोवती गोल बसायचो. माझी जागा समोरची… म्हणून सवय."

"गुरुजींनी तुमची जागा बदलली असती, तर माझ्यावर उपकार झाले असते."

तो हसला. हसला की त्याचा चष्मा आणखी खाली यायचा, आणि मग तिला उगीचच वाटायचं, की तो आपणच बोटानं वर सारावा… छे! राग आला होता तिला. रागच.

"आयत्या बिळावर नागोबा नुसता!" संध्याकाळी फोनवर ती आईला म्हणाली. "परवानगी माझी, खटपट माझी, आणि वाचून हा मोकळा. वर माझी चूक काढतो."

"खरंच चुकलेलं का तुझं?"

"हो ना! तोच तर वैताग आहे!"

"जेवतो कुठं गं तो?"

"मला काय माहीत? कोपऱ्यावरच्या हॉटेलात सूप घेतो, तेही पार गार करून."

"बरं," आई म्हणाली. त्या 'बरं'चाही तिला वैताग आला.

शुक्रवारी बाहेर सकाळपासून भुरभुर होती. शेवटचं पान तिनं अलगद उलटलं आणि कपाळावर हात मारला. पूर्वी कधीतरी पोथी बांधणाऱ्यानं ते पान उलटं शिवून टाकलं होतं. पोथीची पाठ मोडकी, त्यामुळे ती खालच्या आधाराच्या उशीवर फिरवायलाही सक्त मनाई.

"झालं! आता तुम्हाला सुलट दिसतंय. वाचा, मिरवा!"

तो एकेका अक्षरावरून हवेत बोट फिरवत होता. कान लाल झाले होते.

"मला ना… सुलट नीट येत नाही. अडखळायला होतं."

ती इतकी हसली, की डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी टेबलावर बोट वाजवलं. "मग या इकडे, बसा शेजारी," ती दबक्या आवाजात म्हणाली.

तो खुर्ची घेऊन आला. पावसानं ओलसर झालेली त्याची बाही तिच्या कोपराला लागली, आणि दोघांनीही हात काढले नाहीत. त्याला आता पान हवं तसं उलटं दिसत होतं. तो हलक्या आवाजात अर्थ सांगत गेला, ती लिहीत गेली. अखेरच्या कडव्याला मात्र तो थबकला.

"शरीर म्हणतं… तुझ्याशिवाय मी भांडू कुणाशी?"

तिची पेन्सिल थांबली. मान वाकडी करून, डोळे ताणून तिनं ती ओळ स्वतः लावली.

"इथं 'माती' आहे. तुझ्यावाचून मी नुसती माती. यात भांडण कुठंय?"

"नाहीये."

"मग?"

"उद्या पोथी जाईल. मग समोर बसायला निमित्त उरणार नाही… म्हणून."

"म्हणून माझ्या प्रबंधात मनचं घुसडलंत?"

"अक्षम्य आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

"अक्षम्यच!" ती म्हणाली खरी, पण असा आनंद झाला होता, की आवाजात राग आणता आणता तिच्या नाकी नऊ आले. तिनं बोटानं त्याचा चष्मा वर सारला. तो बघतच राहिला. मग गडबडून खुर्ची उचलायला लागला.

"कुठं निघालात?"

"तुमचा शेवट मिळाला ना…"

"मागची पानं पडताळायचीत. ती सुलट आहेत."

"म्हणजे मी समोर…"

"अजिबात नाही. इथंच बसायचं. सुलट वाचायला शिका."

"खूप वेळ लागेल मला. एक दिवस पुरायचा नाही."

"पोथ्या काय, ही एकच आहे जगात?" ती म्हणाली. "आणि पान मी उलटणार. घाई करायची नाही. कबूल?"

तो तिच्याकडे बघत राहिला, आणि मग अगदी सावकाश म्हणाला, "हं…"