वाकड्या रेघेचा माणूस

सलूनचं दार ढकलून आत आलेला माणूस उंबऱ्यातच थबकला, तेव्हाच करुणाला कळलं... यानं पाटीवरचं आयुषचं नाव वाचलं, पण आत कोण आहे ते आत्ताच पाहिलं.

"आयुष कुठं हाय?"

"पुण्याला. नोकरी लागली त्याला. मी त्याची बहीण. बसा."

आखाडा बाळापुरात बाजाराचा दिवस होता, या माणसाचं नेहमीचं सलून बंद होतं. तो लाइनमन असावा, खिशात टेस्टर होता. डोक्यावरची टोपी मात्र तो काढेना.

"टोपीवरून कापायला अजून शिकले न्हाई मी," करुणा म्हणाली.

तो हसला आणि बसला. नाव कुलदीप, जवळच्या तांड्यावरचा.

टोपी निघाली. डाव्या बाजूचे केस कपाळापासून दोन बोटं मागं सरकले होते, उजवीकडचे जागच्या जागी होते. ती उणीव झाकायला त्यानं वरचे केस लांब वाढवून पुढं पडद्यासारखे ओढले होते. एका ठिकाणी पोरीकडच्यांनी त्यावरूनच नकार दिला होता, हे त्यानं आरशाकडं न बघता सांगितलं. चार वर्षं झाली, टोपी घरातही निघत नव्हती.

करुणानं नांदेडला कोर्स केला होता. बाईच्या हातून केस कापायचे म्हणून दारातून परत फिरलेली गिऱ्हाइकं तिनं सहा महिने पाहिली होती. आपला हात कसा आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"झाकलं की नजर तिथंच जाती," ती म्हणाली. "बाजू बारीक करू, वर थोडे ठेवू, अन् पुढं आडवे वळवू. कपाळावर वस्तऱ्यानं सरळ रेघ मात्र कुणाला मारू देऊ नका. वाकडी हाय, तर वाकडीच ऱ्हाऊ द्या."

अर्ध्या तासानं त्यानं आरशात पाहिलं... आणि बराच वेळ पाहतच राहिला. जाताना टोपी हातातच होती.

मग तांड्यावरचे भावसिंग, वसराम येऊ लागले. कुणाचं कपाळ मोठं, कुणाचे कोपरे रिकामे. प्रत्येकाचा चेहरा निरखून ती कात्री चालवायची. बाकड्यावर जागा पुरेना.

तिनं कुलदीपला वीस दिवसांनी यायला सांगितलं होतं. तो पंधरा दिवसांनी आला, मग दहाच दिवसांनी.

"तुमचे केस लई जोरात वाढून राहिलेत," ती म्हणाली.

"तुमचा हात लागला ना..."

तिच्या हातातला कंगवा क्षणभर थांबला. मानेवर पावडर जरा जास्तच पडली.

एका गुरुवारी तो गंभीर चेहऱ्यानं बसला. "उद्या पोरगी पाहायला जायचंय. आज नीट कापा."

करुणानं उचललेली कात्री परत खाली ठेवली. पण काम वाईट करणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं केस न् केस निगुतीनं कापला, कानामागं दोनदा पाहिलं, खांद्यावरचं कापड झटकलं. आयुष्यात इतका सुरेख कट तिच्या हातून झाला नव्हता... आणि तो दुसऱ्या कुणासाठी होता.

"कोणत्या गावची हाय?" तिनं पाठमोरं होत विचारलं.

"याच गावची. जळबाभाऊंची थोरली." तो उभा राहिला. "जात येगळी, म्हणून घरी आठ दिवस समजावत होतो. आई कालच व्हय म्हणाली. तुमी न्हाई म्हणलात, तर येणार न्हाई मी."

जळबाभाऊ म्हणजे तिचे वडील. ती वळली. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "दुकान सोडणार न्हाई मी."

"सोडा म्हणणारा कोण मी?"

"...मग या."

दुसऱ्या दिवशी तो आईला, मिराबाईंना घेऊन आला. जळबांनी आधीच स्पष्ट सांगून टाकलं, की पोरगी लग्नानंतरही कात्री धरणार. मिराबाईंनी चहाची कपबशी खाली ठेवली.

"धरू द्या की. चार वर्षं लेकराचं कपाळ दिसलं न्हवतं मला. हिनं दाखवलं."

त्या उठल्या आणि करुणाचे दोन्ही हात हातात घेतले. कात्रीनं अंगठ्याच्या पेराला पडलेला घट्टा त्यांच्या बोटांना लागला. त्यांनी तिचा हात सगळ्यांसमोर उलटून पाहिला, आणि करुणानं हात मागं घेतला नाही.