पाच मिनिटांचा कापूस

प्रयोगशाळेचा फ्रीजर बंद पडला नसता, तर त्या दोघांची गाठ पडलीच नसती. दुरुस्तीला आलेल्या त्या तरुणाने हत्यारांची पेटी उघडण्याआधी बाटलीतले दोन घोट घेतले.

"फार तहान लागते वाटतं," तिथली संशोधक तरुणी म्हणाली.

"तहान नाही हो, तोंड कोरडं पडतं. तुम्हाला पाहून पडलं म्हणालो असतो, पण खोटं कशाला... दोन महिने झाले." त्याने बाटली वर धरली. "चांदीचं पाणी. सारखं तोंड यायचं, म्हणून मावशीनं दिलं."

तिने हातातली काचपट्टी खाली ठेवली. चांदीचे अतिसूक्ष्म कण पाजलेल्या उंदरांच्या लाळग्रंथींचे पातळ काप करणं, हेच तर तिचं काम. कामाला बसण्याआधी त्या मुक्या जिवांना ती रोज हात जोडायची.

तिने त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "ही चांगली ग्रंथी. आणि ही... चांदी प्यायलेली." पेशी फुगलेल्या, आतून पोकळ, काही पार विरलेल्या.

"हे भरून येतं?"

"उंदरांचंच अजून कळायचंय," ती खालमानेनं म्हणाली. बाटली तिने ठेवून घेतली.

तिने त्याला डॉक्टरांकडे धाडलं; त्यांनी लाळ किती सुटते ते मोजायची दर आठवड्याची चाचणी सांगितली. तोललेला कापूस पाच मिनिटं जिभेखाली धरायचा — बोलायचं नाही, गिळायचं नाही — मग पुन्हा तोलायचा. वजनाचा नाजूक काटा तिच्याकडेच होता. पहिले तीन कापूस जवळजवळ कोरडे निघाले.

"गप्प बसणं हीच खरी शिक्षा," तो म्हणायचा.

"मला तेवढीच शांतता."

चौथ्या आठवड्यात तिने घड्याळ लावलं. आता त्याला बोलता येणार नव्हतं, म्हणून तिला धीर आला.

"मला भीती वाटते. रोज काच बघते, आणि उंदराच्या जागी तुम्ही दिसता... ऐकायला बरं नाही, ठाऊक आहे. फ्रीजर दुसरं कुणीही दुरुस्त करेल, पण—"

त्याने कापूस काढून तिच्या वाटीत टाकला. "पण काय?"

"अहो, चारच मिनिटं झाली. चाचणी फुकट गेली."

"उद्या घे. रोज घे. मी जन्मभर येईन... 'पण' म्हणून थांबलीस, मी गप्प कसा राहू?"

तिने कापूस काट्यावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. "तूच वाच."

त्याने आकडा वाचला. चार मिनिटांचाच कापूस, पण मागच्यापेक्षा जड. थोडासाच.

भीती गेली नव्हती. तिने मात्र त्याचा हात धरला, तो सोडला नाही. "उद्या पाच मिनिटं पूर्ण करायची. बोलायचं ते नंतर."

"किती वेळ बोलू?"

"हवं तेवढं... मध्ये मध्ये पाणी पी. साधं."