राख कुठून उतरली

गोव्यातल्या सागरगाळाच्या शीतगृहात सुनेत्रा धुमे रोजच्यासारखीच दोन स्वेटर चढवून बसली होती. आज फक्त टेबलावर कणवाचक नवा होता. समुद्रतळातून उपसलेल्या गाळाच्या दंडगोलावरून हे यंत्र फिरवलं, की ज्वालामुखीच्या राखेचा एकेक कण तिथवर कसा पोचला हे ते सांगे.

दंडगोल उभा चिरून दोन भाग करतात. एक कामाचा, एक राखीव. राखीव भागाला कुणी हात लावायचा नाही. तेरा वर्षांपूर्वी संस्थेचे तेव्हाचे प्रमुख रेगेसर यांनी तिला अंदमानजवळच्या समुद्रातल्या एका उतारावरच्या दंडगोलाच्या कामाच्या भागातला म्हणून नमुना दिला होता. त्यात खाली जाड कण, वर बारीक. म्हणजे राख आभाळातून पडून पाण्यातून सावकाश बसलेली. तो उतार शांत आहे, कोसळणारा नाही, असा अहवाल तिने लिहिला. आता त्या अहवालाच्या भरवशावर उताराच्या पायथ्याशी, सागरतळावरच्या केंद्रात सदतीस माणसं राहत होती.

यंत्र गाळाला न शिवताच वाचत असल्याने चाचणी म्हणून तिने त्याच दंडगोलाचा राखीव भाग घेतला. जाडबारीक कण एकमेकांत कालवलेले, मध्येच उथळ पाण्यातल्या शिंपल्यांचा चुरा. ही राख वरून पडली नव्हती. उतारावरून चिखलासकट कोसळत आली होती, तीनदा.

मग तिला त्या राखीव भागातच एक स्पंज दिसला. नमुना काढला की भोकात स्पंज खोचायचा, वर आद्याक्षरं नि तारीख घालायची, ही सरांचीच शिस्त. स्पंजवर सरांची आद्याक्षरं होती. तारीख तिच्या अहवालाच्या चार महिने आधीची. म्हणजे सरांनी ही राख तेव्हाच तपासली होती.

फोनवर सरांनी काही नाकारलं नाही. तिला दिलेला नमुना दुसऱ्याच दंडगोलातला होता, हेही सांगितलं. केंद्र रद्द झालं असतं तर संस्थाच उरली नसती, म्हणाले.

"मग सही तुम्ही का नाही केलीत, सर?"



"तू खोटं लिहिणार नाहीस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून."

तिने फोन ठेवला आणि थेट सागरतळावरच्या केंद्राला लावला. केंद्रप्रमुख दिगंबर तारी खुशीत होते. बाई, आमची आठवण कशी काय, खाली मासे सोडून कुणी विचारत नाही, म्हणाले. तिने आजच्या आज सगळ्यांना वर काढायला सांगितलं, कारणही सांगितलं. तारींचं हसणं थांबलं.

"अहवालावर तुमचं नाव बघून माझ्या लोकांनी इथं बायकापोरं आणली. मी आता कुठल्या धुमेबाईंचं ऐकू?"