दंडावरची पकड

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. माझ्या चुलत्यांच्या, डॉक्टर जलीलचाचांच्या डोळ्यांदेखत. साल अठ्ठावन्न. सोनारीची चैत्रातली यात्रा, भर दुपार आणि पटकीची साथ.

शाळेतच दवाखाना मांडला होता. चाचा नुसते धुमसत होते. सुया बोथट, दंडाला बांधायची रबरी नळी तुटलेली आणि मदतीला कुणी नाही! सरकारनं त्यांना लढाईवर पाठवलं होतं, तेही हातात लाटणं देऊन.

समोर गौराबाई निपचित पडलेली. अंगातलं पाणी आटल्यानं हाताची शीर सापडेना. सलाईन गेलं नाही तर पोरगी दिवस मावळायच्या आत जाणार, हे चाचांना दिसत होतं. तिच्या नवऱ्याला, महारुद्रला, दंड आवळून धरायला सांगितलं, तर सुई बघूनच त्याला घेरी आली. तो दाराशी जाऊन बसला.

चाचांनी टोचलं. शीर निसटली.

पुन्हा टोचलं. पुन्हा निसटली.

"या अल्ला, एक तरी शीर दे!" ते चिडून ओरडले.

आणि... शीर टरारून वर आली.

"अस्संच धर, महारुद्र," चाचा मान वर न करता म्हणाले. सुई आत गेली. रक्त दिसलं. सलाईनची नळी जोडली.

"आता सोड."

सलाईन उतरेना.

"अरे, सोड की! दंड आवळून ठेवल्यावर पाणी आत कसं जाईल?"

"म्या तर इथं हाय, डॉक्टरसाहेब..."

आवाज दारातून आला.

चाचांनी वर पाहिलं. गौराच्या दंडात चार बोटं रुतल्यासारखे खोल खड्डे पडले होते... धरणारं कुणीच नव्हतं.

त्यांनी तिथं चाचपलं, हवेला हिसडे दिले, शिव्या घातल्या. बाटलीतलं पाणी ढिम्म हललं नाही.

महारुद्र रडत पुढं आला. त्याची सासू, कस्तुराबाई, सकाळीच पटकीनं गेली होती. बाहेर लिंबाखाली चादर पांघरून ठेवली होती.

"मामी, सोडा तिला," त्यानं हात जोडले. "तुमच्या पाया पडतो."

खड्डे हळूहळू भरले... बाटलीत बुडबुडा उठला.

गौराबाई वाचली. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. चाचांना वाटलं, पाणी मागेल.

"आईला सोडाय लावलं व्हय? आंधळी हाय ती. माझ्या दंडाला धरूनच चालती... आता कुणाला धरंल?"



त्यानंतर एकटे चालतानाही चाचा मध्येच थांबायचे. डाव्या बाजूला बघून वैतागायचे, "पाय उचला बाई, दगड हाय."

मी त्यांच्या डाव्या अंगानं कधीच चाललो नाही.