पाटीत न मावलेली स्ट्रीट

"जरा ही दोरी धरता का, ताई?"

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, घराच्या दारातच माझं इस्त्रीचं टेबल होतं. समोर एक पेंटर उकिडवा बसला होता. केसांत रंगाचे ठिपके. नगरपालिकेच्या ऑफिसनं सगळ्या रस्त्यांना इंग्रजी पाट्या लावायचं काढलं होतं आणि काम या परगावच्या माणसाला मिळालं होतं. खडू लावलेली दोरी पाटीवर दोन्हीकडून ताणायची, मधे टिचकी मारायची, की अक्षरांसाठी सरळ रेघ उमटते. दुसरं टोक धरायला त्याच्याकडे कोणी नव्हतं.

"धरते," मी म्हटलं. "पण परत ताई म्हणालात तर सोडून देईन."

त्यानं वर पाहिलं... आणि रेघ वाकडी आली.

मी चाळिशीची. भावांना वाढवता वाढवता लग्न राहिलं, शाळा तर त्याच्याही आधी. आता संध्याकाळच्या वर्गाला जात होते. मराठी वाचायला येत होतं, इंग्रजी अक्षरं गिरवत होते. पाटी कुठलीही असो, त्या दिवसापासून तो ती घेऊन माझ्याकडेच यायचा. रेघ मारून झाली की माझे प्रश्न सुरू.

"रोड म्हणजे?"

"एका गावाहून दुसऱ्या गावाला नेतो तो. वाटेत घरं असोत, नसोत."

"ॲव्हेन्यू?"

"रुंद, दोन्ही बाजूंना झाडं."

"आणि स्ट्रीट?"

"वस्तीतली. दोन्हीकडे घरं, दुकानं... दारात उभं राहून गप्पा मारणारी माणसं."

"मग तुम्ही कुठले?"

"मी रोडवरचा," तो ब्रश पुसत म्हणाला. "काम संपलं की पुढचं गाव."

माझ्या हातून एक कॉलर पिवळी झाली.

"वन्सं," वहिनी आतून म्हणाली, "इंग्रजी भारीच अंगी लागतंय हो. शर्टालाही वास यायला लागला."

शेवटची पाटी आमच्याच गल्लीची निघाली. ऑफिसनं ठरवलं होतं – लेन.

"लेन म्हणजे अरुंद वाट," तो म्हणाला. "दोन भिंतींमधून जाणारी."

"इथे तुम्हाला भिंती दिसतात का दारं?"

तो गल्लीभर बघत राहिला. "त्यांनी रुंदी मोजली. दारं कोण मोजतं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "उद्या ही झाली की... संध्याकाळची गाडी आहे."

रात्री मी कूस बदलत पडले नाही. काय करायचं ते ठरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी खडूनं LANE आखून तो जेवायला गेला. मी कपड्यांवर शिंपडायच्या पाण्यात फडकं बुडवलं, अक्षरं पुसली आणि त्याच मापानं एकेक अक्षर काढायला घेतलं. शेवटच्या टीला पाटीवर जागाच उरली नाही.

तो आला, थबकला. "हे काय?"

"स्ट्रीट."

"अहो, ऑफिसला काय सांगू?"

"मी सांगितलंय. साहेबांचे शर्ट माझ्याकडेच असतात. सकाळी पोचवायला गेले, त्यांना इथे घेऊन आले, दारं दाखवली. बदला म्हणाले."

तो हसू दाबत, ब्रश उचलून पाटीशी वाकला. "पण हे मावत नाही. मोठी पाटी करून घ्यावी लागेल. तोवर माझी गाडी..."

"चुकेल."

"मावणार नाही हे तुम्हाला माहीत होतं."

"इतके दिवस दोरी धरतेय. पाटी केवढी आहे ते मला कळत नाही होय?" आता थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. "पुढच्या गावात तुमची दोरी दुसऱ्या कोणी धरलेली मला चालणार नाही. तुम्ही इथेच राहा. एवढ्या दारांत एक माझंही आहे."

ब्रशवरून रंगाचा थेंब त्याच्या चपलेवर पडला, तेही त्याला कळलं नाही.

"वन्सं," आतून आवाज आला, "त्यांना उन्हात काय उभं केलंय? चहा टाकलाय मी."

त्यानं खाली बसून दोरी उचलली, तिच्यावरचा खडू झटकला आणि एक टोक माझ्यापुढे केलं.

"धरता का..."

पुढचा शब्द त्यानं मोकळाच ठेवला. मी दोरी बोटाला दोनदा गुंडाळून घेतली.